हितं कानडी वाचता येतंय का कुणाला?

भाचीच्या डोहाळजेवणाचा बॅनर करायचा होता म्हणून सांगलीत हरभट रोडजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडं गेले होते. आमच्यात आधीच वाद. भाचीला 'बेबी शॉवर' इंग्रजीत पाहिजे, वहिनीला 'डोहाळजेवण' मराठीत पाहिजे, आणि दोन्ही लिहिलं तर फोटोला जागा उरत नाही. दुकानात ती शाईची उग्र वासाची वाफ, मशीनची एकसुरी घरघर, आणि माझ्यापुढं एक बापलेक उभे. बापाच्या डोक्यावर टोपी, पोरगा जीन्समध्ये, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या जत तालुक्यातल्या संखच्या पलीकडून आलेले. त्यांच्या आईचं, म्हणजे पोराच्या आज्जीचं वर्षश्राद्ध होतं, प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायचा होता, वर मराठी आणि खाली कानडी. कानडी मजकूर अथणीच्या कुणी पाव्हण्यानं टाईप करून व्हॉट्सअपवर पाठवलेला. पण सांगलीच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता, त्यामुळं स्क्रीनवर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं अशी खिचडी उमटलेली. ऑपरेटरनं फॉन्ट शोधला, डाऊनलोड केला, अक्षरं गोल गोल झाली एकदाची, पण बरोबर आली का नाही हे त्याला तरी काय कळणार. त्यानं मान वर करून अख्ख्या दुकानाला विचारलं, "हितं कानडी वाचता येतंय का कुणाला?"

पोरगा तोवर फोनवर अस्खलित कानडीत मंडपवाल्याशी भांडत होता. सगळ्यांनी त्याच्याकडंच बघितलं. त्यानं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "मला बोलायला येतंय. वाचायला न्हाई." मग बापानं खिशातनं चष्मा काढला, स्क्रीनला नाक लागेल इतका पुढं वाकला आणि काचेला न लावता बोटानं दाखवायला लागला, "हे खालचं हिकडं सरकलंय, हे ह्याच्या पोटात पायजे." कानडीत जोडाक्षराचा दुसरा तुकडा खाली लोंबतो, तो फॉन्ट बदलल्यावर भलतीकडंच जाऊन बसला होता. ऑपरेटर ठिपक्यांची रांगोळी वहीतून उतरवून घ्यावी तसं एकेक अक्षर माऊसनं जागेवर नेत होता. हे चाललेलं असताना पोरगा फोन ठेवून जवळ आला आणि हळूच बापाला मराठीत म्हणाला, "ह्यात आज्जीचं नाव कुठलं?"

ते मला घरी आल्यावरही सुटेना.

त्याचं एक कारण असंय की माझी बँकेतली पहिली पोस्टिंग जत तालुक्यातली. पूर्व भागातली शाखा, समोर बाभळी, उन्हाळ्यात पत्रा तापून दुपारी तीनला लेजरची पानंसुद्धा गरम लागायची. आमच्या सगळ्या स्लिपा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. काउंटरवर मात्र दिवसभर कानडी. शिपाईमामा आमचा दुभाषी, ते कानडीत विचारायचे आणि मला मराठीत सांगायचे, आणि मधल्या मधे बाईनं काय सुनावलंय ते गाळून टाकायचे, हे मला नंतर चार शब्द कळायला लागल्यावर समजलं. पण माझ्या डोळ्यांपुढं अजून आहेत त्या सह्यांची कार्डं. बऱ्याच म्हाताऱ्या बायका अंगठा न देता सही करायच्या, कानडीत, सावकाश, पेन उभं धरून, शाळेत पाटीवर गिरवल्यासारखं प्रत्येक वळण पुरं करून. मला ती सही वाचता यायची नाही. मी नुसता आकार ताडून बघायचे, हा फुगा इतकाच आहे ना, ही शेपटी डावीकडंच वळलीय ना, आणि पैसे द्यायचे. फॉर्मवर त्यांच्या भाषेतलं एक अक्षर छापलेलं नव्हतं. सहीच्या रेघेवर मात्र त्या ती भाषा स्वतः लिहून जायच्या. त्यांची नातवंडं आता एटीएममधून पैसे काढतात आणि मराठी नाहीतर इंग्रजी बटण दाबतात. त्या पिढीतलीच एखादी बाई त्या फ्लेक्सवर असणार, नऊवारीतला पासपोर्ट फोटो मोठा करून घेतलेला, आणि खाली तिचं नाव तिच्या नातवाला न लागणाऱ्या लिपीत.

आता कुणी म्हणेल की पोरगा सांगलीत शिकला, मराठी मिडियम घेतलं, त्यात काय एवढं. खरंय. जतला जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत, बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तकं छापते, पण पुढं कॉलेज, आयटीआय, पोलीस भरती सगळं मराठीत, त्यामुळं आईबाप पहिल्यापासूनच मराठीत घालतात. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. पण मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. आपण वाचायला शिकलो ते काय फक्त शाळेत? मी तर निम्मं शिकले एसटीच्या खिडकीत बसून. 'येथे थुंकू नये', 'वाहन सावकाश हाका', 'अमुक अमुक यांची खानावळ', अक्षर जुळवायचं, तोंडानं पुटपुटायचं, बस पुढं जायच्या आत शब्द पुरा करायचा. ती शाळा फुकट, तिला ना प्रवेश ना परीक्षा. सांगलीत वाढणाऱ्या कानडी घरातल्या पोराला ती फुकटची शाळाच मिळत नाही. घरी कानडी बोलायला भरपूर, पण उंबरा ओलांडला की जुळवायला एकही अक्षर नाही.

मिरजेचं वेगळं आहे म्हणा. मी लहानपणी मामाकडं बेळगावला जायचे तेव्हा मिरज स्टेशनवरची ती पिवळी पाटी मला फार गमतीची वाटायची. वर मराठीत मिरज, मध्ये हिंदीत मिरज, खाली इंग्रजी. एकच शब्द दोनदा का लिहिलाय हे आजोबांना विचारलं तर म्हणाले, एक तुला आणि एक दिल्लीला. गाडी पुढं विजयनगर टाकून शेडबाळला आली की वरची ओळ एकदम गोल व्हायची. आधी शेडबाळ, मग उगार, मग कुडची. नाव आपल्याला आधीच ठाऊक, मधल्या ओळीत हिंदीतही लिहिलेलंच, त्यामुळं वरचं पहिलं अक्षर 'शे' असणार, हे 'उ' असणार, असा हिशेब लावत लावत मला कानडीची दहापंधरा अक्षरं लागायला लागली. कुणी शिकवली नाहीत. तीन ओळींच्या पाटीनं शिकवली. पुढं जतच्या शाखेत तेवढीच पुंजी होती माझ्याकडं.

आणि मिरजेतली हॉस्पिटलं. मिशन हॉस्पिटलच्या आसपास एक फेरी मारून बघा. औषधाची दुकानं, लॅब, सोनोग्राफी सेंटर, झुणका-भाकरीची गाडी, किती ठिकाणी कानडी दिसेल. रायबाग, अथणी, जमखंडी, विजापूरकडनं पेशंट येतात पिढ्यान्‌पिढ्या, त्यांना 'केसपेपर इथे' हे समजलं पाहिजे, नाहीतर धंदा बुडाला. तिथं कुठल्या कायद्यानं कानडी लावायला सांगितलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातही तेच, हळदीचं पोतं घेऊन आलेल्या माणसाशी अडत्या त्याच्याच भाषेत बोलतो, भावाच्या वेळी तर हमखास. गिऱ्हाईक असलं की भाषा आपोआप पाटीवर चढते. मला हे बघून बरंही वाटतं आणि जरा खटकतंही, कारण याचा अर्थ असा की ज्याच्या खिशात काही नाही त्याची भाषा कुणी लावणार नाही.

तशा भाषा आपल्याकडं आहेत. सांगलीत वडारी बोलतात, कैकाडी बोलतात, तांड्यांवर लमाणी बोलतात. लहानपणी आमच्या गल्लीत वडाराची बाई पाटा-वरवंट्याला टाकी लावायला यायची. अंगणात फतकल मारून बसायची, पोराला पाठीशी बांधलेलं, छिन्नीखाली दगडाची भुकटी उडायची आणि तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. माझ्या आईशी मराठीत घासाघीस, 'चार आणे जास्त द्या की वैनी', आणि मान वळवून नवऱ्याशी भलत्याच भाषेत, भराभर. आई म्हणायची त्यांची काहीतरी तेलगू आहे. आईचा अंदाज बरोबर होता, जनगणनेचे लोकही तेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत वडारी तेलगूच्या खात्यात मोजलीय, कैकाडी तमिळच्या खात्यात, आणि लमाणी-बंजारा चक्क हिंदीच्या. म्हणजे आपल्या इथला कैकाडी माणूस, ज्यानं आयुष्यात मद्रास बघितलं नाही, तो कागदावर तमिळ. नातं भाषाशास्त्राच्या हिशेबानं असेल, आहेच, पण टोपल्या विणता विणता तो जे बोलतो ते तमिळ माणसाला कळणार आहे का? लमाणी हिंदीत कशी गेली ते तर दिल्लीलाच माहीत. आणि दहा हजारांच्या खाली बोलणारे असले तर ती भाषा वेगळी दाखवतच नाहीत, 'इतर' म्हणून एका गठ्ठ्यात.

रस्त्याची खडी त्यांनीच फोडली, मैलाचे दगडही त्यांच्यातल्याच कुणी घडवले असतील. त्यांच्या भाषेतली पाटी मी आजवर एकही बघितलेली नाही.

मराठी पाट्यांचं मला काय वाटतं हेही सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटायचं ही बाई कानडीवाल्यांची वकील. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची, सुरुवात मराठीनं आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या अक्षरापेक्षा लहान नको, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मला आनंदच झाला होता. अजूनही आहे. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आपल्याच राज्यात पाहुण्यासारखं वाटायला लागलं होतं. पण मग बेळगावच्या मामेभावाचा फोन येतो. तिकडं २०२४ पासून पाटीचा साठ टक्के भाग कानडी पाहिजे असा कायदा, त्याच्या दुकानावरची वडिलांनी रंगवून घेतलेली मराठी अक्षरं बारीक करून खाली गेली, आणि तो चिडून विचारतो की आमची पंधरा टक्क्यांची मागणी काय चूक आहे. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं केंद्राचंच जुनं ठरलेलं आहे, बेळगावातली मराठी माणसं वर्षानुवर्षं तेच मागताहेत. काहीच चूक नाही त्यात. फक्त मग जतच्या पूर्व भागातल्या ग्रामपंचायतीवर, आरोग्य केंद्रावर मराठीखाली कानडीची एक ओळ कुणी मागितली तर आपल्या पोटात गोळा यायचं कारण नाही. बेळगावला हक्क आणि जतला आगाऊपणा, असं कसं चालेल? २०२२ च्या डिसेंबरात जत कुठल्या राज्याचं यावरून दोन्हीकडं केवढी धुमश्चक्री झाली आठवतंय ना, बसगाड्यांना काळं, टीव्हीवर नकाशे. जतच्या लोकांचा राग पाण्याचा होता, म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आमच्याकडं का येत नाही हा. ते सोडून सगळे नकाशाबद्दल बोलत बसले.

तरी वर्षभरापूर्वी एक बरा निकाल आला. अकोला जिल्ह्यातल्या पातूरच्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, १९५६ पासून तिथं उर्दू वापरात, तर एका माजी नगरसेविकेनं ते काढा म्हणून पार सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोर्टानं सांगितलं की वर मराठी आहे ना, मग खाली उर्दू असायला कायद्याची आडकाठी नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. मिरजेत राहणाऱ्याला हे कोर्टानं सांगायची गरज पडू नये खरंतर. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं तेव्हा ऐकणारे कुठल्या भाषेत वाहवा देतात ते कुणी मोजत नाही. आणि आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणून मिरवायला आवडतं ना, तर ते १८४३ चं पहिलं नाटक विष्णुदास भाव्यांनी केलं कशामुळं? आदल्या वर्षी कर्नाटकातनं भागवत मंडळींचा खेळ आला होता, राजेसाहेबांनी बघितला आणि म्हणाले असं आपल्या भाषेत करा. हे भावे नाट्यमंदिराच्या खुर्चीत बसून 'कानडी लोकं फार वाढलीत हो' म्हणणाऱ्यांना कुणीतरी इंटरव्हलमध्ये सांगावं.

पाटी लावली की भाषा जगली, असंही मला म्हणायचं नाही. आयर्लंडमध्ये रस्त्याच्या बहुतेक पाट्यांवर आयरिश आहे, तिरक्या अक्षरात, इंग्रजीच्या वर. सरकारची पहिली भाषा ती. २०२२ च्या त्यांच्या जनगणनेत चाळीस टक्के लोकांनी सांगितलं आम्हाला आयरिश येते, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले बहात्तर हजारांच्या आत. पाट्या सगळ्या देशभर आणि बोलणारे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावात मावतील इतके. वेल्समध्ये तर तरुण पोरांनी १९६०-७० च्या दशकात इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, जेलात गेली, तेव्हा कुठं दोन भाषांच्या पाट्या आल्या. आणि त्याच वेल्समधल्या स्वान्सीत २००८ साली काय झालं, तर कौन्सिलनं पाटीचा मजकूर वेल्शमध्ये करून घ्यायला ईमेल पाठवला, उलट आलेलं उत्तर जसंच्या तसं पाटीवर छापून रस्त्याकडंला लावलं. ते उत्तर होतं, 'मी सध्या ऑफिसमध्ये नाही.' मागवणारा, छापणारा, खांबाला ठोकणारा, एकालाही वाचता आलं नाही. हसू येतं, पण हरभट रोडवरचा तो ऑपरेटर आठवला की हसू आवरतं. त्याच्याकडं निदान चष्मा लावून स्क्रीनवर वाकणारा एक बाप तरी होता. कॅनडातल्या लँड्री आणि बुऱ्ही या दोघांनी १९९७ मध्ये मांडलं की रस्त्यावरच्या पाट्या दोन गोष्टी सांगतात, इथं कुठली भाषा चालते हे आणि इथं कुणाचं वजन आहे हे. मला त्यातलं दुसरंच जास्त पटतं. पाटी लावणारा स्वतःसाठी लावतच नाही, तो समोरच्याला काहीतरी सुनावत असतो. म्हणून तर वर कोण आणि खाली कोण यावरून डोकी फुटतात.

पण मला भाषा कशी आहे बघायची असली तर मी कमानीवरचं बघणार नाही. मी हाताचं लिहिलेलं बघीन. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या देवळात देणगीदारांची नावं बघा, एक कानडीत, एक मराठीत, ज्यानं पैसे दिले त्यानं आपापल्या मनानं लिहून घेतलेली, कुणाची परवानगी नाही. किराणा दुकानाच्या फळीवरचं खडूचं 'उधार बंद'. लग्नपत्रिका. पिठाच्या गिरणीत डब्यावर मार्करनं टाकलेलं नाव. असलं लिखाण जोवर कानडीत होतंय तोवर कानडीला जतमध्ये धोका नाही, मग ग्रामपंचायत काहीही लावो. आणि ते लिहिणारे हात आता साठीच्या पुढचे आहेत, धोका असला तर तिथं आहे. पोरं व्हॉट्सअपवर घरच्या ग्रुपवर कानडीतच बोलतात, भरपूर बोलतात, पण टाईप करतात मराठी अक्षरांत, नाहीतर सरळ व्हॉईस मेसेज.

परवा मिरजेत गांधी चौकाच्या सिग्नलला माझ्या रिक्षापुढं एक छोटा हत्ती होता, मागं द्राक्षांचे रिकामे क्रेट. फळीवर मोठ्या लाल अक्षरांत देवनागरीत लिहिलेलं, 'तंदे तायी आशीर्वाद'. नंबर जतकडचाच वाटला. सिग्नल मोठा होता आणि मला असल्या चौकश्या केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून रिक्षातनं डोकं बाहेर काढून ड्रायव्हरला विचारलं, कानडी हाय तर मराठीत का लिवलंय? पंचविशीचा असेल. म्हणाला, "कानडीत लिवलं तर वाचणार कोण मावशी? आमच्यातच येत न्हाई कुणाला." मी म्हणलं मग मराठीत आई-वडिलांचा आशीर्वाद लिहायचं की. तर माझ्याकडं असा बघितला की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "आईबापाला काय मराठीत हाक मारतोय व्हय आम्ही?"

मग ही पाटी कानडी म्हणायची का मराठी, मी विचारलं. सिग्नल सुटला होता. गिअर टाकता टाकता तो ओरडला, "ते आरटीओला इचारा!"